हळदीखालची राळ

सांगली,
३ मार्च १९९६

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम.

हे पत्र तुझ्या आईचं आहे. अक्षर माझं दिसतंय म्हणून दचकू नकोस, आणि खूशही होऊ नकोस. आजवर तिची पत्रं शेजारची सोनम लिहून द्यायची. सोनमचं लग्न झालं, ती विट्याला नांदायला गेली. तेव्हापासून तुझी आई गल्लीभर लिहिणारं माणूस शोधत होती. कुणाला वेळ नव्हता, कुणाचं अक्षर तिला पसंत नव्हतं. (वाचता येत नसताना अक्षर नापसंत करणं तिलाच जमतं.) आज तिनं माझ्यासमोर कागद आपटला आणि म्हणाली, "मिल्ट्रीत दुसऱ्याचं निरोप लिवून घेत हुता न्हवं? मग ह्यो बी घ्या."

तेव्हा ध्यानात ठेव. सिग्नल्समधून निवृत्त झालेला हवालदार, सध्या लोकांच्या घरांवर टीव्हीचे अँटेना बसवणारा मी या पत्रात फक्त लेखनिक आहे. लेखनिकाला मत नसतं. तुझं-माझं बोलणं दोन वर्षांपूर्वी मिरज स्टेशनवर संपलं. साखरपुड्याची तारीख धरलेली, मुलगा रेल्वेत, माणसं चांगली, आणि तू जर्मनीचं तिकीट काढून मोकळी झालीस. गाडी सुटताना मी 'आउट' म्हणालो होतो. बिनतारीवर त्याचा अर्थ काय हे तुला सांगायला नको. लहानपणी गल्लीतल्या पोरांना तूच शिकवत हिंडायचीस, "ओव्हर म्हंजी आता तू बोल, आउट म्हंजी खेळ खलास."

आता आईचा मजकूर.

"जेवतीस का नुसत्या पावावर हायस? तिकडं बर्फ पडतंय म्हनं, कानाला बांधत जा. आनि काय करतीस ते नीट लिव. वखारीत बाया ईचारत्यात, पोरगी काय करती? मी म्हनती शिकती. त्या हसत्यात. म्हनत्यात, एवढी वर्सं कोन शिकतंय?"

मी विचारलं, संपलं का? तर म्हणाली, "तुमचं काय असंल तर घाला." मी म्हणालो, माझं काही नाही. तिनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती तुला माहीत आहे.

सहीच्या जागी तिचा अंगठा आहे. शाईचं पॅड आणायला उठलो तर म्हणाली, "कशाला? हाय की." वखारीतून दिवसभर हळकुंडं निवडून आली होती. हात धुवायच्या आधी अंगठा जरा ओला केला आणि कागदावर उठवला. शाईपेक्षा चांगला उठलाय.

लेखनिक


सांगली,
१६ जून १९९६

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. वर 'ती. आईस' लिहिलंस ते बरोबरच आहे. खाली 'घरी सर्वांना' लिहिलंस. आमच्या घरी सर्व म्हणजे किती माणसं आहेत हे तुला ठाऊक आहे.

मी पत्र मोठ्यानं वाचलं, आई पाय पसरून ऐकत बसली. तू लिहिलंस की उजेडाचा एक प्रकार डोळ्यांना दिसत नाही, चुलीपुढं बसलं की अंगाला कळतो. ते तिला पटलं. प्रत्येक पदार्थाचे रेणू त्या उजेडात आपापल्या चालीनं थरथरतात, हळदीची चाल वेगळी, साखरेची वेगळी, आणि ती चाल आलेखावर उतरवली की पदार्थ ओळखता येतो. तेही पटलं. पण पदार्थ कणभरच असला तर काही कळत नाही, म्हणून तू चकतीवर सोन्याच्या काड्या बसवतेस, इथे तिनं मला थांबवलं.

"सोन्याच्या? मग त्यातनं एकादं डोरलं तरी हुईल का?"

मी सांगितलं, डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत अशा वीस-पंचवीस काड्या मावतात.

"मग हरवत्यात की," ती म्हणाली.

पुढे तुझं वाक्य होतं, 'काडीची लांबी त्या उजेडाच्या लाटेच्या निम्मी धरायची. मग काडी ती लाट पकडते, काडीच्या टोकांशी लाट जोर धरते, आणि टोकाला चिकटलेला कणभर पदार्थही ऐकू येतो.' इथे मी थांबलो. आईनं विचारलं, "का थांबला?" मी म्हणालो, चष्मा पुसतो.

लांबी लाटेच्या निम्मी. हे तुला गच्चीवर ॲल्युमिनियमची नळी कापताना कुणी शिकवलं, हे तू पत्रात लिहिलेलं नाहीस. आईला लिहिलेल्या पत्रात ते येणार तरी कुठून. तू सातवीत होतीस. दर रविवारी कुणाच्या तरी घरावर आपलं काम असायचं. मी वर नळी फिरवायचो, त्या घरातली बाई टीव्हीपुढं, आणि तू मधे जिन्यात. मी ओरडायचो, "आलं का?" बाई म्हणायची, "न्हाई." तू तेच वर पोचवायचीस, "न्हाई, ओव्हर!" कुणी चित्राऐवजी नुसत्या मुंग्या दिसत असताना 'आलं' म्हणालं तर तू स्वतः आत जाऊन बघून यायचीस आणि सांगायचीस, "खोटं बोलत्यात आबा, अजून फिरवा, ओव्हर!" लोक हसायचे. आपल्या घरात टीव्ही आला तेव्हा त्याच्यापुढं तुझी आई बसली, आणि तिनं 'आलं' म्हटलं ते सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

असो. लेखनिकानं इतकं लांबवायचं नसतं.

आईची एक शंका आहे. काड्या एकमेकींच्या किती जवळ ठेवतेस? फार जवळ ठेवल्या तर एक दुसरीचं खेचते, आमच्या कामात तरी तसंच होतं. आणि मागे पत्रा लावून पाहिलास का? मागे पत्रा लावला की पुढून येणारं दुप्पट मिळतं.

"मी कवा ईचारलं ह्ये?" आई आत्ता म्हणाली. तिला वाचता येत नाही, पण मी लिहिताना पुटपुटतो ते ऐकू येतं.

तिचा निरोप, "केस कापलेस म्हनं. वाढीव." अंगठा खाली आहे.

लेखनिक


सांगली,
२४ नोव्हेंबर १९९६

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम.

'आईच्या शंकेचं' उत्तर मिळालं. काड्या जवळ आल्या की सूर बदलतो हे आईला माहीत होतंच, असं आई म्हणते. मागच्या पत्र्याची युक्ती तुमच्याकडे जमली नाही याचं आईला वाईट वाटलं. दोन दिवस आई गप्प होती.

पण तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या मजकुरानं घरात जे झालं ते सांगतो. तू लिहिलंस, 'आई, तुझ्या मागच्या पत्रावरचा अंगठा मी स्पिरिटच्या एका थेंबानं उतरवून घेतला आणि तो थेंब काड्यांवर वाळवला. आलेखावर हळद आली. इथले सगळे बघायला जमले. मी सांगितलं, ही माझी आई.'

मी वाचून थांबलो. तिनं पसरलेले पाय जवळ घेतले. मग म्हणाली, "फिरून वाचा." मी पुन्हा वाचलं. "माजा अंगठा तिथं वळीकला?" मी म्हणालो, हळद ओळखली, अंगठा नव्हे. "त्येच की ओ," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साऱ्या वखारीला ही बातमी. मालकानं विचारलं म्हणे, भामाबाई, तुमची लेक हळदीतला भेसळीचा रंगसुद्धा पकडेल का? तुझ्या आईनं सांगितलं, "ती समदं पकडती. तिला बारकीपनापास्नं खोटं चालत न्हाई." घरी येऊन मला विचारते, "पकडंल न्हवं?" मी म्हणालो, अँटेना आहे तो, त्याला आपलं-परकं कळत नाही. हवं ते पकडतो, नको ते पण पकडतो.



इकडे आता केबल आली आहे. शंभर फुटी रस्त्यावर घरोघरी काळी वायर. लोक मला बोलावतात ते अँटेना काढायला. परवा एका घरावरचा उतरवला, तो तू नववीत असताना आपण दोघांनी बसवलेला. त्याच्या नळीवर खिळ्यानं 'अ' कोरलेला होता. मालक भंगारात देतो म्हणाला. मी म्हणालो, द्या इकडे. तुझी आई म्हणाली, "घरात न्हाई जागा आनि आनलं आनि एक लोखांड." मी सांगितलं ॲल्युमिनियम आहे. मग मी तिला 'अ' दाखवला. तिनं त्यावर बोट फिरवलं आणि तो दाराच्या वर टांगायला लावला.

तिचा निरोप, "मे म्हैन्यात मोटी परीक्षा हाय न्हवं, तवर हिकडचा ईचार करू नगंस. आनि केस वाढीव." अंगठा हल्ली ती फार जपून उठवते. आधी बोट हळदीच्या ढिगात नीट दाबून आणते. यंत्राला दिसलं पाहिजे म्हणते.

लेखनिक


कोरेगाव,
९ फेब्रुवारी १९९७
(हे पत्र पेटीत टाकलं नाही.)

अक्षता,

तुझ्या आईला लकवा मारला. संक्रांत होऊन गेल्यावर, वखारीतच. निवडलेल्या ढिगाशेजारी बसली होती, उठायला गेली आणि उठताच येईना. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. मिरजेच्या दवाखान्यात जीव वाचला. डॉक्टर म्हणतात, पाय येईल, हात सांगता येत नाही, वाचा सांगता येत नाही. सांगलीची खोली सोडून तिला कोरेगावला आणली आहे. तुझी रंगुमावशी शेजारीच राहते, ती तिचं अंग पुसते, वेणी घालते. मी भरवतो. मी भरवताना ती माझ्याकडे बघत नाही, दाराकडे बघते.

तुझं पत्र आलं होतं ते मी तिला वाचून दाखवलं. तिनं ऐकलं. डोळ्यांतून पाणी आलं. मी नेहमीसारखं विचारलं, काय लिहू? तिनं तोंड उघडलं आणि नुसता घशातून आवाज आला. मग तिनं तोंड मिटलं.

दिवाळीत तिनं मला बजावलं होतं, "माजं कायबी झालं तरी पोरीला अर्ध्यावर बोलवायचं न्हाई." तेव्हा मी हसलो होतो, तुला काय होतंय म्हणालो होतो. तुझी परीक्षा मेमध्ये. म्हणून तुला कळवत नाही.

हे कारण खरं आहे, पण तेवढंच नाही. तू पत्र लिहितेस ती आईला. ती बोलत नाही हे कळलं तर तू येशील, तिला बघशील, रडशील आणि परत जाशील. मग पत्र कुणाला लिहिशील? मला तू लिहिणार नाहीस. मी आउट म्हणालेला माणूस. तुझ्या पत्रांवाचून मला करमत नाही पोरी. टपालवाला गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी दारात असतो. आईमुळे एवढी एक तार जोडलेली आहे, ती तुटली तर तुझं काय चाललंय हे मला कोण सांगणार? मला भीती वाटते. लेहला बर्फात अडकलो होतो तेव्हा नव्हती वाटली एवढी.

हे टाकत नाही. उद्या दुसरं लिहितो.

आबा


कोरेगाव,
१० फेब्रुवारी १९९७

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम.

पत्ता बदलला आहे. केबलमुळे सांगलीत अँटेनाच्या धंद्यात राम उरला नाही, म्हणून आम्ही कोरेगावला राहायला आलो. इथे डोंगराआड अजून अँटेनाच लागतो, उंच काठी आणि बूस्टर लावल्याशिवाय चित्र येत नाही. काम बरं आहे. दिवसभर बूस्टर दुरुस्त करत बसतो.

आईचा निरोप, मी मजेत आहे. तू तुझ्या प्रकृतीची काळजी घे. अभ्यास नीट कर. परीक्षेसाठी शुभेच्छा.

फोन करू नकोस. गावातल्या बूथवर तिला नीट ऐकू येत नाही, नुसतं रडू येतं. पत्रच बरं.

अंगठा खाली आहे.

लेखनिक


कोरेगाव,
२० एप्रिल १९९७

चि. अक्षता हिस,
सप्रेम जयभीम.

तुझं पत्र मिळालं. आई मजेत आहे. चौदा एप्रिलला मिरवणूक आमच्या दारावरून गेली, ती आईनं दारात खुर्ची टाकून पाहिली. (हे अगदी खरं आहे.) रंगुमावशीनं तिला नवं लुगडं नेसवलं होतं.

तू विचारतेस की आई पत्रात पूर्वीसारखी बोलत का नाही. वय झालं, दुसरं काय. तिचा निरोप मी शब्दाला शब्द लिहितो आहे, "केस वाढव."

घराच्या छपरावर मी आपला तो 'अ' वाला अँटेना चढवला आहे. वारा फार, सारखा फिरतो. आई दिवसभर टीव्हीपुढं असते. नुसत्या मुंग्या असल्या तरी बघत बसते.

परीक्षेचं काय ते लगेच कळव. आई वाट बघते. मी काही बघत नाही, मला कामं आहेत.

अंगठा खाली आहे.

लेखनिक


कोरेगाव,
६ जुलै १९९७

चि. अक्षता हिस,
अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं कार्ड काल आलं. तू पास झालीस, डॉक्टर झालीस, हे तू शेवटच्या ओळीत कोपऱ्यात लिहिलंस. आधी मी तेच वाचलं, कारण कार्ड हातात उलटं आलं होतं. मग सुलटं केलं. वर लिहिलं होतं, 'ती. आबांस.' तीन वर्षांनी.

पुढचं तुझ्याच शब्दांत लिहितो, म्हणजे मी किती वेळा वाचलं ते तुला कळेल. 'आबा, आई कधी काळजी घे म्हणत नाही. शुभेच्छा हा शब्द तिनं जन्मात वापरलेला नाही. आणि ती वाढीव म्हणते, वाढव म्हणत नाही. म्हणून मी दोन्ही पत्रांवरचे अंगठे काड्यांवर ठेवून पाहिले. हळद आहे. पण हळदीखाली राळ आहे. तारा सोल्डर करून जोडताना लागणारी राळ आपल्या घरात एकाच माणसाच्या बोटांना असते. आई कुठे आहे? मला खरं सांगा. ओव्हर.'

सांगतो. आई आहे. जिवंत आहे, इथेच माझ्याजवळ बसली आहे. सोबत फेब्रुवारीतलं एक पत्र घातलं आहे, ते लिहून मी टाकलं नव्हतं. आधी ते वाच, मग हे पुढचं वाच. त्यात सगळं आहे आणि ते मला पुन्हा लिहायला लावू नकोस.

वाचलंस? आता ऐक. मी किती विचार केला होता. माझा अंगठा मोठा, तो उठवला असता तर तुला डोळ्यांनीच कळलं असतं. म्हणून मी करंगळी लावली. आधी दुसऱ्या कागदावर उठवून पाहिली, आईच्या जुन्या अंगठ्याशेजारी धरून पाहिली, माप बरोबर जमलं. तुझं यंत्र हळद शोधणार हे मला माहीत होतं, म्हणून बोट हळदीच्या डब्यात चांगलं घोळवलं. हात धुतले होते, साबणानं. पण ज्याची उभी हयात सोल्डरिंगच्या धुरात गेली त्याच्या बोटांच्या चिरांतून राळ साबणानं निघत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही. नको ते पण पकडतो, असं मीच तुझ्या आईला सांगितलं होतं. माझ्याच पोरीनं केलेला अँटेना, मी शिकवलेल्या मापाचा, आणि त्यानं पहिलं मलाच धरलं. राग आला आणि अभिमानही वाटला. कोणता जास्त ते सांगत नाही.

काल काय झालं ते सांगतो. वाऱ्यानं अँटेना फिरला होता म्हणून मी छपरावर चढलो होतो. टपालवाल्यानं खालून हाक मारली, मी उतरून कार्ड घेतलं, उभ्याउभ्याच वाचलं. 'ओव्हर' वर आलो आणि मला पुढचं दिसेना. आई खुर्चीतून माझ्याकडे बघत होती. तिच्यापुढं तसं तोंड घेऊन बसणं मला जमेना. रंगुमावशी रानात गेलेली. मी कार्ड खिशात घातलं आणि परत वर चढलो.

वर जाऊन नळी धरली आणि फिरवू लागलो. किती फिरवली ते ठाऊक नाही, मी डोंगराकडे बघत होतो आणि डोळे पुसत होतो. आणि सवयीनं तोंडातून गेलं, "आलं का?" खाली उत्तर द्यायला कुणी नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं. वाईट वाटलं. मी पुन्हा नळी फिरवली. पुन्हा मीच ओरडलो, "आलं का?"

खालून आवाज आला, "आलं."

मला वाटलं, रंगुबाई परत आली. मी वाकून पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. मी शिडीवरून कसा उतरलो ते विचारू नकोस, गुडघा सोललाय. आत तुझी आई टीव्हीपुढं बसली होती, चित्र अगदी स्वच्छ दिसत होतं, बातम्या चालल्या होत्या. मी म्हणालो, "भामे, काय म्हनलीस?" ती माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाली, "आलं." जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट. जानेवारीनंतरचा पहिला शब्द.

मी तिच्यापुढं जमिनीवर बसलो आणि तुझं कार्ड तिला वाचून दाखवलं, सगळं, राळेसकट. राळेला ती हसली. तिचं तोंड आता एकाच बाजूनं हसतं, पण हसली. मग डाव्या हातानं तिनं माझ्या खिशातलं पेन ओढून काढलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "लिवा."

डॉक्टर म्हणाले होते, सांगता येत नाही. आता मी त्यांना सांगेन, येतं.

म्हणून हे लिहितो आहे. या पत्राला लेखनिक नाही. साखरपुडा मोडल्याचं मला अजून बरं वाटलेलं नाही, आणि तू विचारलंस तर तसं सांगेन. रेल्वेतल्या त्या मुलाला दोन मुली झाल्या, नावं चांगली ठेवलीत. पण तुझी आठवण मला रोज येते. सांगलीत कुणाच्या गच्चीवर चढलो की जिन्यात तू उभी आहेस असं वाटून मी हळूच बोलायचो. हे तुझ्या आईलासुद्धा मी सांगितलेलं नाही, आता पुटपुटलो तेव्हा तिला कळलं.

तू ये. परीक्षा झाली, आईचा हुकूम मोडला असं होणार नाही. नाही जमलं तर पत्र लिही, वर कुणाचंही नाव घाल, दोघांनाही ऐकू येतं. आई अजून दोनच शब्द बोलते. उरलेले मी तिच्याकडून रोज थोडे थोडे काढून घेणार आहे, छपरावरून ओरडावं लागलं तरी.

खाली दोन अंगठे आहेत. डावीकडचा आईचा, डाव्या हाताचा, उजवा अजून उचलत नाही. हळद डब्यातली आहे, वखारीतली नाही, तेवढा फरक तुझ्या काड्यांना कळला तर कळव. उजवीकडचा माझा. त्याला हळद लावलेली नाही.

तुझा,
आबा

ओव्हर.